म्युनिकमध्ये शिकायला येताय? पैसे कुठे जातात आणि कोणतं काम आधी करायचं

म्युनिकला प्रवेश मिळाला की घरात पहिली चर्चा फीची होते, आणि ती लवकर संपते. लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठात, म्हणजे एलएमयूमध्ये, बहुतेक अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नाही. टेक्निकल युनिव्हर्सिटीनं, म्हणजे टीयूएमनं, २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं आहे. बॅचलर्सला सत्राला २ ते ३ हजार युरो, मास्टर्सला ४ ते ६ हजार. आकडे ठरलेले आहेत, वाद नाही.

खरा घोळ होतो तो राहण्याखाण्याच्या हिशेबात. बहुतेक जण हा हिशेब किराण्यापासून सुरू करतात. तूरडाळ इथून किती न्यायची, तिकडे कांदा काय भावानं मिळतो, बॅगेत मसाल्याला किती किलो ठेवायचे. माझं म्हणणं असं की म्युनिकमध्ये महिन्याचा खर्च किराण्यावर ठरत नाही. तो पहिल्या महिन्यात तुम्ही कोणती खोली घेता आणि कोणत्या कागदांवर सह्या करता, यावर ठरतो. भाजीत काटकसर करून महिन्याला तीस-चाळीस युरो वाचतील. खोलीच्या निवडीत चारशेचा फरक पडतो. म्हणून हा लेख खोलीपासून सुरू होतो आणि भाजीकडे नंतर येतो.

निघण्याआधी: ९९२ युरोंचा अर्थ

विद्यार्थी व्हिसासाठी ‘श्पेरकोन्टो’ म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट उघडून वर्षाचे ११,९०४ युरो त्यात ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हाच आकडा आहे. त्यातून दरमहा ९९२ युरो तुमच्या जर्मन बँक खात्यात येतात, एक सेंटही जास्त नाही. हा आकडा सगळ्या जर्मनीसाठी एकच आहे. लाइपझिगसारख्या शहरात तो पुरतो. म्युनिक हे जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर, इथे तो पुरेलच असं नाही.

साधा हिशेब करून बघा. विद्यार्थी वसतिगृहात ३८० युरोंची खोली मिळाली असं धरू. विमा १४७, प्रवास ४०, फोन १०, जेवणखाण २२०, रेडिओ-टीव्हीची वर्गणी १८ आणि किरकोळ ६०. एकूण ८७५. म्हणजे ९९२ मध्ये भागतं, थोडं उरतंही. आता तेच सगळं ठेवून खोली बाहेरच्या शेअरिंग फ्लॅटमधली, ७८० युरोंची घेतली, तर वर्गणी तिघांत वाटूनही बेरीज १,२६० च्या पुढे जाते. दरमहा पावणेतीनशेचा खड्डा. तो कमाईतून किंवा घरच्या पैशांतून भरायचा हे निघण्याआधी घरात स्पष्ट बोलून घ्या. इथे आल्यावर नोव्हेंबरात फोन करून सांगण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे पहिल्या दिवशी हातात नसतात. जर्मन बँक खातं उघडून ते जोडल्यावरच पहिला हप्ता येतो आणि यात काही आठवडे जाऊ शकतात. पण खोली घेताना पहिलं भाडं आणि डिपॉझिट तर लगेच द्यावं लागतं. डिपॉझिट, ज्याला इथे ‘कौत्सिओन’ म्हणतात, कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. ६०० युरो मूळ भाडं असलेल्या खोलीला १,८०० युरो झाले. ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायदा देतो, पण घरमालक आपणहून ते सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेखेरीज अडीच-तीन हजार युरो वेगळे, फॉरेक्स कार्डावर किंवा ट्रान्सफर करता येतील असे, हाताशी असू द्या.

विमानाचं तिकीट काढताना एक तारीख बघा. ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे इथला मोठा बिअर-उत्सव, सप्टेंबरच्या मध्यात सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतो. हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात. म्हणजे नवे विद्यार्थी नेमके त्या दिवसांत येऊन उतरतात जेव्हा शहरातल्या होस्टेलमधल्या साध्या पलंगाचाही दर दुप्पट-तिप्पट झालेला असतो. तात्पुरत्या राहण्याची सोय आधीच झालेली नसेल, तर ऑगस्टच्या शेवटी या किंवा ओळखीच्या सिनियरकडे आठवडाभराची सोय पक्की करूनच या.

खोली

सगळ्यात आधी ‘श्टुडिएरेन्डनवेर्क म्युन्शन ओबरबायर्न’ या संस्थेकडे वसतिगृहाचा अर्ज. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं आणि खानावळी चालवणारी ही संस्था आहे. प्रवेश निश्चित झाला त्याच दिवशी अर्ज टाका, व्हिसाची वाट बघू नका. प्रतीक्षायादी लांब असते, काही इमारतींसाठी अनेक सत्रांची. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या क्रीडाग्रामात आता विद्यार्थ्यांची छोटी घरं आहेत आणि तिथे राहायला सगळ्यांनाच आवडतं, त्यामुळे फक्त तेवढंच एक नाव भरून बसू नका. फ्राइमानमधली श्टुडेन्टेनश्टाट ही इथली सर्वात मोठी विद्यार्थी वसाहत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे आग लागली आणि त्यानंतर तिच्या अनेक उंच इमारती बंद झाल्या. शहरातला खोल्यांचा तुटवडा त्यामुळे आणखी वाढला. चर्चशी संबंधित संस्था आणि खासगी न्यास यांचीही वसतिगृहं आहेत. त्यांतली बरीच कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला घेतात, पण प्रत्येकाला वेगळा अर्ज करावा लागतो. अर्जासोबत स्वतःविषयीचं पत्र मागतात. ते मनापासून लिहा, कारण निवडताना ते खरंच वाचलं जातं.

वसतिगृह मिळालं नाही तर ‘वेगे’, म्हणजे शेअरिंग फ्लॅट. ‘वेगे-गेझूख्ट’ या साइटवर खोल्यांच्या जाहिराती असतात. इथे दोन शब्द डोळ्यांत तेल घालून बघायचे: ‘काल्टमीटे’ म्हणजे मूळ भाडं आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून भाडं. जाहिरातीत ठळक अक्षरांत ६२० दिसतं आणि खाली कुठेतरी १४० ‘नेबेनकोस्टेन’ असतात. त्यांत वीज आणि इंटरनेट आहे की नाही, हे वेगळं विचारायचं. शिवाय हे नेबेनकोस्टेन अंदाजानं घेतलेले असतात. वर्षाअखेरीस खरा हिशेब होतो आणि हिवाळ्यात हीटर जास्त चालला असेल तर दोनशे-तीनशे युरोंचं बिल येऊ शकतं. करारात ‘पाउशाल’ लिहिलं असेल तर रक्कम ठरलेली आहे, वर काही निघत नाही. माझ्या मते नवख्या माणसानं पहिल्या वर्षी पाउशाल खोलीच शोधावी, भाडं पन्नास युरो जास्त असलं तरी.

फसवणुकीचा प्रकार ठरलेला आहे. सुंदर फर्निचर असलेला मध्यवर्ती फ्लॅट, भाडं निम्मं, मालक म्हणे सध्या परदेशात, किल्ली कुरिअरनं पाठवेल, तुम्ही आधी डिपॉझिट भरा. पासपोर्टची प्रतही मागतात. खोली तुम्ही किंवा तुमच्या विश्वासातल्या माणसानं प्रत्यक्ष बघितलेली नाही, तोवर एक युरोसुद्धा पाठवायचा नाही. भारतातून बघणं शक्य नसतं, म्हणून ‘त्स्विशनमीटे’ हा मार्ग चांगला: कुणी विद्यार्थी इंटर्नशिपला बाहेर जातो तेव्हा दोन-तीन महिन्यांसाठी त्याची खोली घ्यायची आणि इथे उतरून कायमची शोधायची. अशा खोलीत नोंदणी करता येईल का, हे मात्र लेखी विचारून घ्या. त्याचं कारण पुढच्या भागात.

शहराबाहेरचा विचारही करा. टीयूएमचा मोठा कॅम्पस गार्शिंगला आहे, मेट्रोच्या यू-६ मार्गावर. तिथे तास असतील तर शहराच्या मध्यभागी राहण्यासाठी जास्तीचं भाडं देण्यात अर्थ नाही. लान्ड्सहूट, आउग्सबुर्ग इथून लोक रोज ट्रेननं येतात. पाऊण तास प्रवास वाढतो, भाडं उतरतं.

पहिला आठवडा: दारावर नाव, मग नोंदणी

खोलीत सामान टाकलं की पहिलं काम: पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव लावणं. आपल्याकडे पत्त्यात फ्लॅट नंबर असतो, इथे नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव, एवढाच पत्ता. पोस्टमन पेट्यांवरची नावं वाचतो. नाव सापडलं नाही तर पत्र परत. बँकेचं कार्ड, त्याचा पिन (तो वेगळ्या पाकिटातून येतो), विम्याचं कार्ड, कर क्रमांक हे सगळं पोस्टानंच येतं. साध्या कागदाच्या चिठ्ठीवर पासपोर्टमधल्या स्पेलिंगप्रमाणे आडनाव लिहून चिकटपट्टीनं लावा. रूममेटच्या नावावर पत्रं येत असतील, तर ‘सी/ओ’ लिहून त्याचं नावही पत्त्यात घाला.

मग ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची, असा कायदा आहे. म्युनिकमध्ये हे काम ‘क्राइसफेरवाल्टुंग्सरेफेराट’च्या नागरिक-कार्यालयात होतं. सगळे त्याला ‘काफाउएर’ म्हणतात. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि सत्राच्या सुरुवातीला ती सहज मिळत नाही, म्हणून पत्ता ठरला की भारतात असतानाच बुक करा. सकाळी लवकर साइट उघडली तर रद्द झालेल्या वेळा दिसतात. सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि ‘वोनुंग्सगेबरबेस्टेटिगुंग’ लागतं. हे शेवटचं म्हणजे घरमालकानं सही करून दिलेलं पत्र, की ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. जो मालक हे पत्र द्यायला नकार देतो त्याची खोली घेऊच नका, कारण पुढची सगळी कामं या एका कागदावर अडतात. नोंदणीचा जो दाखला मिळतो त्याचे दोन-तीन फोटो काढून ठेवा, तो पुढे अनेकदा मागतात.

बँक खातं विद्यार्थ्यांना बऱ्याच बँका फुकट देतात. ऑनलाइन बँकांत खातं लवकर उघडतं. श्पार्कास्सेसारख्या बँकेत शाखेत जाऊन समोरासमोर बोलता येतं. पहिल्यांदा परदेशात आलेल्याला ते सोयीचं पडतं. भाडं, विमा, फोन हे सगळं ‘लास्टश्रिफ्ट’नं, म्हणजे कंपनी स्वतः खात्यातून ओढून घेते. ठरल्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर व्यवहार परत जातो आणि वर दंड लागतो. ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता कोणत्या तारखेला येतो ते बघून बाकी तारखा त्याच्यानंतरच्या मागून घ्या. आणि बेकरी, छोटी दुकानं यांच्यासाठी वीस-तीस युरो रोख जवळ ठेवत जा.

विमा

आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठ नाव नोंदवत नाही. तीस वर्षांखालच्यांना सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळतो, सध्या महिन्याला १४० ते १५० युरोंच्या घरात. तेवीस वर्षं पूर्ण झालेल्यांना, मूल नसेल तर, त्यातला शुश्रूषा विम्याचा भाग थोडा जास्त पडतो. तीस-चाळीस युरोंत मिळणाऱ्या खासगी पॉलिसी दाखवणारे एजंट भेटतील. हा मोह टाळा. सरकारी विम्यातून एकदा सूट घेतली की ती त्या शिक्षणापुरती मागे घेता येत नाही. आणि स्वस्त पॉलिसीत दाताचं, मानसिक आरोग्याचं, जुन्या आजाराचं काय वगळलं आहे, ते आजारी पडल्यावर कळतं. तीस ओलांडलेल्यांनी मात्र येण्याआधीच विमा कंपनीशी मेलवर बोलून आपला दर लेखी घ्यावा, कारण त्यांना हा विद्यार्थी दर मिळत नाही.

दुसरा विमा छोटा, पण माझ्या दृष्टीनं टाळू नये असा: ‘हाफ्टफ्लिख्ट’, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. महिन्याला चार-पाच युरो. घेताना भाड्याच्या घराच्या हरवलेल्या किल्लीचा समावेश आहे का ते बघा. अनेक इमारतींत एकाच किल्लीनं मुख्य दार, तळघर आणि खोली उघडते. ती हरवली तर मालक सगळ्या इमारतीची कुलपं बदलण्याचा खर्च मागू शकतो आणि तो हजारांत जातो.

किल्लीचंच आणखी एक. इथली दारं नुसती ओढून घेतली तरी बंद होतात आणि बाहेरून मुठीनं उघडत नाहीत. कचरा टाकायला पायजम्यावर खाली जाताना किल्ली आधी खिशात. दुसरी किल्ली जवळच्या मित्राकडे. अडकलातच, तर इंटरनेटवर पहिल्या जाहिरातीत दिसणाऱ्या किल्लीवाल्याला घाईनं बोलावू नका. आधी फोनवर येण्या-उघडण्याची पूर्ण रक्कम विचारा. रात्री किंवा रविवारी काही जण शेकड्यांत बिल लावतात.

पत्रपेटीत काय काय येतं

नोंदणीनंतर दोन-चार आठवड्यांत अकरा आकडी कर क्रमांक येतो. हा आयुष्यभर एकच राहतो. पत्र जपून ठेवा. नोकरीच्या ठिकाणी तो दिला नाही तर सर्वात जास्त दरानं कर कापला जातो.

त्याच सुमाराला ‘रुंडफुंकबाइट्राग’चं पत्र येतं आणि अनेकांना ते खोटं वाटतं. ते खरं आहे. सरकारी रेडिओ-टीव्हीसाठी प्रत्येक घराला दरमहा १८.३६ युरो द्यावे लागतात, तीन महिन्यांचे ५५.०८. घरात टीव्ही नसला तरी. महत्त्वाचं हे की वर्गणी माणशी नाही, घरामागे आहे. शेअरिंग फ्लॅटमध्ये एकानं भरली की झालं. बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक लिहून उत्तर पाठवायचं. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर मागची सगळी रक्कम दंडासह चढते. इथे कोणत्याही पत्राला उत्तर न देणं महागात पडतं, तेव्हा जर्मन कळत नसलं तरी त्याच दिवशी भाषांतर करून वाचा. शंका असेल तर श्टुडिएरेन्डनवेर्कच्या मोफत कायदेशीर सल्ल्याला घेऊन जा.

करारांबाबतही हीच सावधगिरी. मोबाइल आणि जिमचे करार पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंतचे असू शकतात. मुदत संपल्यावर ते महिन्याच्या नोटिशीनं सोडता येतात. पहिल्या वर्षी प्रीपेड सिमच घ्या. ते सुपरमार्केटमध्ये मिळतं, फक्त पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते आणि दहा युरोंच्या आसपास चार आठवड्यांचा डेटा येतो.

बाजार

बव्हेरियात दुकानं रात्री आठला बंद होतात, बर्लिनसारखी उशिरापर्यंत उघडी नसतात. रविवारी आणि सणाच्या दिवशी सगळं बंद. म्युनिकमध्ये वर्षाला तेरा सार्वजनिक सुट्ट्या येतात आणि कधीकधी त्या रविवारला जोडून. शनिवारी संध्याकाळी फ्रिज रिकामा असेल तर मुख्य रेल्वे स्टेशन आणि पूर्व स्टेशनातली दुकानं उघडी असतात, दर मात्र चढे.

रोजच्या वस्तूंना आल्डी, लिडल, पेनी, नेट्टो. रेव्हे आणि एडेका महाग, पण त्यांची स्वतःच्या ब्रँडची पाकिटं त्याच भावात येतात. शेल्फवरच्या किमतीच्या चिठ्ठीत खाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो. सवय लावून तोच वाचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं नाही.

आपल्या स्वयंपाकाचं बहुतेक इथे मिळतं. ‘रोटे लिन्सन’ म्हणजे मसूरडाळ, ती डीएम या प्रसाधनांच्या दुकानांपासून लिडलपर्यंत सगळीकडे. चणे, धने-जिरे, कोथिंबीर, भेंडी, वांगी तुर्की दुकानांत सुपरमार्केटपेक्षा चांगली आणि बहुधा स्वस्त. मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला लांडवेरश्ट्रासे आणि गोएथेश्ट्रासेच्या भागात अशी दुकानं रांगेनं आहेत, भारतीयही. पोळीचं पीठ तिथून दहा किलोचं आणावं, चौघांत वाटून. अडलंच तर गव्हाचं १०५० क्रमांकाचं पीठ चालतं. ४०५ म्हणजे जवळपास मैदा, त्याच्या पोळ्या चिवट होतात. भारतातून आणायचं तर कुकर (इंडक्शन शेगडीवर चालेल असाच, साधा ॲल्युमिनियमचा तिथे तापत नाही), घरचा गोडा मसाला आणि दोन प्लग ॲडॉप्टर आणा. विजेचा दाब इथेही २३० व्होल्टच आहे. डाळीची पोती आणून बॅगेचं वजन वाया घालवू नका.

नळाचं पाणी पिण्याजोगं, खरं तर उत्तम आहे, मांगफाल खोऱ्यातून येतं. बाटलीचं पाणी विकत घ्यायची गरज नाही. घेतलंच, तर ‘फांड’ परत घ्या. प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली टाकून पावतीवर परत मिळते. बाटली चेपू नका, यंत्र नाकारतं.

दुपारी मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ. विद्यार्थी-ओळखपत्रावर दर खूप कमी पडतो आणि शाकाहारी पदार्थ रोज असतात. बाहेर साधं जेवण बारा-पंधरा युरोंच्या खाली होत नाही.

पलंग, टेबल, सायकल नवं घेऊ नका. ‘क्लाइनअनत्साइगन’ या साइटवर सत्र संपताना विद्यार्थी सामान काढून टाकतात. शिवाय म्युनिक महापालिकेच्या कचरा-विभागाचं पासिंगमध्ये ‘हाले २’ नावाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. भांडी, दिवे, खुर्च्या तिथे थोडक्यात मिळतात.

खोलीतली हवा

ही गोष्ट किरकोळ वाटते, पण डिपॉझिट कापलं जाण्याचं मोठं कारण तीच असते. इथल्या खिडक्या दोन तऱ्हांनी उघडतात: मूठ आडवी केली की सताड, वर केली की नुसती कलती. हिवाळ्यात आपण खिडकी दिवसभर कलती ठेवतो आणि हीटर चालू. त्यानं हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र खिडकीभोवती थंडगार होते. भाताची वाफ, अंघोळीची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, हे सगळं पाणी त्या थंड कोपऱ्यात जाऊन बसतं. कपाटामागे आधी राखाडी ठिपके दिसतात, मग काळी बुरशी. मालक फोटो काढतो.

उपाय: हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, समोरचं दारही, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा, मग बंद. स्वयंपाकानंतर आणि अंघोळीनंतर लगेच. हीटरच्या बटणावर १ ते ५ आकडे असतात. तीनवर खोली साधारण वीस अंशांवर राहते. पाचवर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. आणि फोडणी देताना दार लावून खिडकी उघडा. बव्हेरियात झोपण्याच्या खोल्यांत आणि बाहेर पडण्याच्या मार्गात धूर ओळखणारी यंत्रं सक्तीची आहेत. मोहरी तडतडली की ती बोंबलतात. वसतिगृहात ती अग्निशमन दलाशी जोडलेली असतील तर नाहक फेरीचा खर्चही मागितला जाऊ शकतो.

कचरा वेगळा करायचा: कागद निळ्या पिंपात, ओला तपकिरीत, उरलेला काळ्या-राखाडीत. काच आणि प्लास्टिक म्युनिकच्या बऱ्याच भागांत रस्त्यावरच्या मोठ्या पिंपांत नेऊन टाकावं लागतं, काच रंगानुसार. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो. रात्री दहानंतर मिक्सरही नाही.

फिरणं

‘डॉइचलांड-टिकेट’, म्हणजे देशभर चालणारा प्रवासाचा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना आहे. बव्हेरियातल्या विद्यार्थ्यांना ते बऱ्याच सवलतीत मिळतं, म्हणून विद्यापीठात नाव नोंदवल्याचा दाखला हाती येईपर्यंत पूर्ण दराचं एखाद्या महिन्यापुरतंच घ्या. हे तिकीट दरमहा आपोआप पुढे चालू राहतं; बंद करायचं तर त्याच महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवावं लागतं. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांत ते चालतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही प्रादेशिक गाडीनं जाता येतं, पण सीमेवर तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट जवळ हवा. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. सायकल चालवताना फोन हातात दिसला तर ५५.

काम

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पासूनची ही मर्यादा. विद्यापीठातली विद्यार्थी-साहाय्यकाची कामं त्यात धरली जात नाहीत, म्हणून आधी प्राध्यापकांच्या विभागांत चौकशी करा. तासाचं किमान वेतन जानेवारी २०२६ पासून १३.९० युरो आहे. महिन्याला ६०३ युरोंपर्यंतची नोकरी ‘मिनिजॉब’ धरली जाते आणि त्यावर कापणी जवळपास नसते. म्हणजे आठवड्याला दहा तासांत वरचा पावणेतीनशेचा खड्डा आरामात भरतो. पण पहिल्या सत्रात नोकरी मिळेलच असं धरून खोली घेऊ नका. जर्मन येत नसेल तर दोन-तीन महिने सहज जातात आणि पहिल्या परीक्षा फेब्रुवारीतच असतात.

परवाना आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे

व्हिसावरची तारीख संपण्याआधी राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तोही काफाउएरकडे, ऑनलाइन. दोन-तीन महिने आधीच करा. विद्यापीठाचा दाखला, विमा, भाडेकरार, पैशांचा पुरावा लागतो. फोटो मे २०२५ पासून डिजिटलच चालतो, तो डीएमच्या दुकानातही काढून मिळतो.

परवाना वाढवताना पुढच्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा पुन्हा मागतात. पहिल्या वर्षाचे ११,९०४ तोवर संपलेले असतात. नोकरीचा करार आणि पगारपत्रकं, शिष्यवृत्ती, पुन्हा भरलेलं ब्लॉक्ड अकाउंट, किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणीतरी सरकारदरबारी घेतलेली हमी, यांपैकी काहीतरी हवं. शैक्षणिक कर्जाचे हप्ते घेत असाल तर दुसऱ्या वर्षाच्या हप्त्याची तारीख बँकेशी बोलून यासाठी आधी ठरवून घ्या.

अर्ज पोचल्याची मेल जपून ठेवा. निकाल लागेपर्यंत इथे राहता येतं. पण व्हिसा संपलेला आणि कार्ड आलेलं नाही, अशा स्थितीत देशाबाहेर गेलात तर परत येताना विमानतळावर अडू शकता. जायचंच असेल तर आधी ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ हा तात्पुरता कागद मागून घ्या आणि त्यावर परत प्रवेशाची मुभा आहे का ते कार्यालयाकडून लेखी विचारा. दिवाळीचं तिकीट त्यानंतरच काढा.